गुडघा माझा, बोंब ह्यांची

माझा उजवा गुडघा बदलायचं ठरलं आणि आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधला प्रत्येक जण हाडांचा डॉक्टर झाला. पण खरी धास्ती घेतली ती आमच्या ह्यांनी.

"चुकून डावा कापला तर?"

हे कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. रिटायर झाले तरी खोड जाते कुठे! ऑपरेशनच्या सकाळी अंबरनाथच्या हॉस्पिटलात त्यांनी खिशातून स्केचपेन काढलं. माझ्या डाव्या गुडघ्यावर लिहिलं 'पास', उजव्यावर 'रिजेक्ट'. खाली सही.

डॉक्टर आले, वाकून वाचलं आणि म्हणाले, "काका, सही पुसावी लागेल. इन्फेक्शन होईल." मग त्यांनी ऑपरेशनच्या खास पेनाने उजव्या पायावर बाण काढला. तेव्हा कुठे ह्यांचा जीव भांड्यात पडला.

कमरेत इंजेक्शन दिल्यावर पाय जणू शेजारणीचे झाले. मी अर्धवट गुंगीत. पडद्यापलीकडे ठोकाठोक सुरू झाली, करवतीसारखा आवाजही आला. मला वाटलं, वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम काढलंय. मी ओरडले, "दुपारी ठोकायचं नाही! सोसायटीचा नियम आहे!"

"झालंच हं काकू," पडद्यामागून डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. दुखत होतं, खोटं कशाला बोलू. डोळ्यांतून पाणी आलं. घरी आल्यावर व्यायाम शिकवायला उल्हासनगरहून एक मुलगी यायची. "आंटी, टाच मागे सरकवा. और थोडा!" मी नुसती कण्हत होते. हे वैतागले.

"एवढं काय त्यात? मी दाखवतो."

पलंगावर माझ्याशेजारी आडवे झाले आणि झोकात टाच ओढली. पुढच्या क्षणी पोटरीत गोळा आला आणि हे असे ओरडले की खालच्या मजल्यावरची वहिनी धावत वर आली.

"अंकल, हिलो मत!" मुलगी माझा पाय सोडून त्यांची पोटरी चोळायला लागली.

"मलम! कपाटातलं मलम!" हे किंचाळत होते. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी वॉकर ओढला, उठले, ठकठक करत हॉलमधल्या कपाटापाशी गेले. हातात काही धरता येईना, म्हणून मलमाची ट्यूब पिशवीत घालून पिशवी वॉकरला अडकवली आणि परत आले.

मुलीने वर पाहिलं. "आंटी! आप अकेली चलके आयी?"

"हो," मी म्हणाले. "आधी त्यांना लाव. फारच आरडाओरडा करतायत."