साबळे सरांनी खोदलेलं भुयार

जनार्दन साबळे सर थापा मारायचे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला नावं ठेवायला नको. वाईच्या आमच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि दर हिवाळ्यात ते आम्हाला आसपासच्या एखाद्या गडावर सहलीला नेत. तिथे पाण्याचं टाकं असो, पडकी कोठी असो की नुसतं साळिंदराचं बीळ, सर काठी तिकडे रोखून म्हणत, "इथून भुयार निघतं ते थेट वाईच्या घाटावर." मग गुराख्याची गोष्ट. शेळीच्या मागे तो आत गेला, आठ दिवसांनी शेळी घाटावर बाहेर आली, गुराखी काही आला नाही. कोणी विचारलंच, "सर, तुम्हाला कसं माहीत?" तर उत्तर ठरलेलं होतं, "जुने लोक सांगतात." आम्ही माना डोलवायचो. भुयार नसलेला गड असतो का कुठे? वर गेल्यावर ते ऐकायचं आणि उतरताना विसरायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

इथे परदेशात, हॅमिल्टनमध्ये कळत नाही, हे ना सरांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

सर इथे आले ते चार वर्षांपूर्वी, बायको वारल्यावर, मुलीकडे. नीरजा युनिव्हर्सिटीत शिकवते, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. इथल्या गणपतीत मोदकांच्या रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "अबोली, तुझा गृहपाठ अजून राहिलाय," आणि मी वळून पाहते तर सर, डोक्यावर नातवाची हॉकीची टोपी. नीरजाने त्यांना अख्खं बेसमेंट दिलं होतं. वेगळी वॉशरूम, टीव्ही, हीटर, कशाला म्हणून कमी नव्हतं. पण सर मला म्हणाले, "अगं, मी रिटायर झालोय, मी काही मुरायला घातलेलं लोणचं नाही." म्हणून मीच त्यांना ग्लेनॉर्डीला नेलं. तेव्हा पुढच्या सगळ्यात माझाही वाटा आहे.

ग्लेनॉर्डी हा काही खरा किल्ला नव्हे. एका स्कॉटिश जहाजवाल्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी लेककडच्या, म्हणजे इथल्या मोठ्या तलावाकडच्या चढावर बांधलेलं हे दगडी घर. गावाच्या आठवणीने त्याने चार बुरूज चढवले, म्हणून लोक त्याला कॅसल म्हणतात. आता तिथे म्युझियम आहे, ते एक ट्रस्ट चालवतो आणि रविवारी घर दाखवायला त्यांना व्हॉलंटिअर लागतात. मॅनेजर स्टीव्हन परेरा. त्याचे आईवडील वसईचे, तो वाढला इथेच. मराठी त्याला सगळं समजतं, बोलताना मात्र दर दोन शब्दांनी पाय घसरतो. त्याने सरांना एक फाइल दिली. काय सांगायचं ते तिच्यात लिहिलेलं होतं आणि शेवटचं एक पान स्कॉटलंडमधल्या जुन्या किल्ल्यांखालच्या भुयारांच्या दंतकथांचं होतं. बॅगपाइप वाजवणाऱ्या एकाला भुयारात धाडतात. वर लोक त्याच्या आवाजामागून रस्त्याने चालत राहतात आणि अर्ध्या वाटेत आवाज बंद पडतो. माणूस पुन्हा दिसत नाही.

सरांनी त्या दिवशी मला लॅबमध्ये फोन केला. एवढ्या खुशीत मी त्यांना इथे कधी ऐकलं नव्हतं. "अबोली, अगं हे तर आपल्यातलेच निघाले!"

ग्लेनॉर्डीच्या तळघरात विटांनी बुजवलेली एक कमान आहे. फाइलमध्ये तिच्याबद्दल एकच ओळ होती, "बहुधा बर्फ साठवण्याची कोठी." सरांना तो 'बहुधा' पुरला. महिन्याभरात तिथून भुयार निघालं ते थेट लेकपर्यंत गेलं. गुराखी इथे कुठून आणणार? म्हणून सरांनी बॉयलरवरचा कामगार घेतला. पाणी कुठून झिरपतंय ते बघायला तो कंदील घेऊन आत गेला. कंदील सापडला, माणूस सापडला नाही आणि मालकांनी गुपचूप विटा लावून तोंड बंद केलं. सर हे सांगायचे त्यांच्या त्या संथ, वर्गातल्या इंग्लिशमध्ये, शेवटी विटांवर काठीने दोनदा टकटक करून. स्टीव्हनने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अंकल, वसईच्या फोर्टमध्ये माय ग्रॅंडपा मला सेम स्टोरी सांगायचे!" थाप आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण रविवारच्या टूर भरून जायला लागल्या, म्हणून तोही मूग गिळून बसला.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी टूर संपली, मंडळी वर गेली आणि एक म्हाताऱ्या बाई मागे राहिल्या. विटांवर तळहात टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जुने लोक सांगतात, मॅडम."

"कोणत्या सालची गोष्ट?"

एकतीस वर्षांत सरांना कोणत्याही पोराने साल विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "एकोणीसशे पन्नासच्या आसपास असेल."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांचं नाव आयला, वय ऐंशी. त्यांचे वडील डंकन मॅकफेल ग्लेनॉर्डीत बॉयलर सांभाळायचे. त्रेपन्न सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी ते डबा घेऊन कामाला म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. आयला तेव्हा आठ वर्षांची होती. आईने सांगितलं, तुझा बाप आपल्याला टाकून पळाला. तिने त्यांचे कपडे जाळले, फोटो जाळले, पोरीच्या नावापुढचं मॅकफेल काढून स्वतःचं माहेरचं आडनाव लावलं. आयलाबाईंनी बापाचा बहात्तर वर्षं राग केला. लग्न केलं नाही. निघून जाणारं माणूस पुन्हा घरात नको, असं त्या सरांना म्हणाल्या.

संध्याकाळी सर माझ्याकडे आले. बूटही न काढता सोफ्यावर बसले, हे सरांच्या हातून कधी होत नाही.

"त्या रडल्या का हो?" मी विचारलं.

"रडल्या असत्या तर बरं होतं. हसल्या गं. म्हणाल्या, म्हणजे ते आम्हाला सोडून गेले नव्हते."

मला घाबरायला झालं की मी ओरडते. "सर, उद्याच्या उद्या जा आणि सांगा त्यांना, ही थाप आहे म्हणून!"

"सांगतो," सर म्हणाले. नोव्हेंबर गेला, ख्रिसमस गेला, अंगणातला बर्फ किती वेळा शोव्हल करून झाला, सरांनी सांगितलं नाही. आयलाबाई दर रविवारी येत राहिल्या. तळघरात खुर्ची घेऊन बसायच्या, वडिलांबद्दल सरांशी बोलायच्या. आईच्या नजरेतून सुटलेला एकच फोटो त्यांच्याजवळ होता, तो त्यांनी फ्रेम करून घेतला. कागदपत्रं करून आडनाव पुन्हा मॅकफेल केलं. कबरस्तानात वडिलांच्या नावाचा दगड करायला दिला. मी एकदा तिथे गेले होते तेव्हा त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "मिस्टर साबळ्यांनी मला माझे वडील परत दिले." सर विटांकडे बघत होते. मला त्यांचा इतका राग आला की परतताना गाडीत मी रेडिओ मोठ्याने लावून ठेवला.

फेब्रुवारीत बाईंनी ट्रस्टला अर्ज केला: भिंत उघडा, मला वडिलांची हाडं द्या. भिंतीला ओल आलीच होती, ट्रस्टने होकार दिला आणि एप्रिलातला एक मंगळवार ठरला. आता मात्र सर पार गळाठले. आम्ही दोघं स्टीव्हनकडे गेलो.

"अंकल, प्लीज, आता काही बोलू नका," स्टीव्हन म्हणाला. "लेजंड आहे, आपण कधी प्रूफ आहे म्हटलं नाही. वॉल ओपन झाली की शी विल सी फॉर हरसेल्फ."

"म्हणजे माणसाने सांगायचं ते विटांनी सांगायचं का रे?" मी म्हटलं.

"अबोली, तू बोलू नकोस," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तस्संच. पण मी काही आता सातवीत नव्हते. मीच आयलाबाईंना फोन केला, मीच वेळ ठरवली आणि शनिवारी दुपारी सरांना गाडीत घालून त्यांच्या अपार्टमेंटवर नेलं. खरं सांगून टाकलं की सुटेल, असं मला तेव्हा अगदी खात्रीने वाटत होतं.

बाईंनी टेबल मांडून ठेवलं होतं. चहा, घरी केलेली बिस्किटं, मधोमध फ्रेममधले डंकन मॅकफेल, टोपी जरा तिरकी घातलेले. त्यांना वाटलं आम्ही मंगळवारची तयारी ठरवायला आलोय. सर बसेचनात. चूक कबूल करायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे हात पुढे बांधून ते बोलायला लागले. आमच्याकडे गडावर असं सांगायची पद्धत असते, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, मी इथेही तेच केलं. जुने लोक वगैरे कोणी नाहीत. मीच रचलं.

बाईंनी फोटोची फ्रेम स्वतःकडे वळवली.

"तो कामगार?"

"कल्पना, मॅडम."

"कंदीलसुद्धा?"

"कंदीलसुद्धा."

"कंदिलाचं मला फार बरं वाटायचं," बाई म्हणाल्या. "निदान काही वेळ उजेड होता त्यांच्याजवळ, असं मनात यायचं." मग म्हणाल्या, "म्हणजे ते सोडून गेले."

"ते मला माहीत नाही, मॅडम."

"तेव्हाही तुम्हाला माहीत नव्हतं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर सरांना सोसलं असतं, बाहेर निघता आलं असतं. बाईंनी चहा ओतला, आम्हाला दिला, स्वतः घेतला नाही. मी माफीचं काहीतरी पुटपुटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून." दोन्ही कप रिकामे होईपर्यंत त्या बसून राहिल्या, मग उठून त्यांनी दार उघडलं. त्या दार लावून घेत होत्या तेव्हा फोटो टेबलावर पालथा दिसला. केव्हा केला, मी पाहिलं नव्हतं.

गाडीत मी सरांना विचारलं, "आता हलकं वाटतंय ना?"

"मला वाटतंय," सर म्हणाले. "त्यांचं काय?"

घरापर्यंत सर हातमोजे काढत होते आणि घालत होते.

मंगळवारी त्या येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. सरांनाही मी म्हटलं होतं, तुम्ही कशाला जाताय? पण सर म्हणाले, जायला हवं, आणि मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेले. पाहतो तर आयलाबाई आमच्या आधीपासून तळघरात उभ्या. केस सेट केलेले, निळा चांगला कोट, पायात पॉलिश केलेले बूट. स्टीव्हनने खुर्ची पुढे केली, त्यांनी ती बाजूला सरकवली.

गवंड्याला फार वेळ लागला नाही. वीस-पंचवीस विटा निघाल्या आणि आतून थंड, कुबट वास आला. भुयार नव्हतं. हौदाएवढी गोल कोठी होती, विटांनी बांधलेली, तळाशी काळी माती आणि कुजलेला पेंढा. पलीकडची भिंत सहज दिसत होती. फाइलमध्ये लिहिलं होतं तेच, बर्फाची कोठी.

आयलाबाईंनी गवंड्याच्या हातून टॉर्च घेतला. डावीकडचा कोपरा पाहिला, उजवीकडचा पाहिला. पेंढा जरा सरकवा, म्हणाल्या. त्याने फावड्याने सरकवला. खालची मातीही उकरा, म्हणाल्या. स्टीव्हन काही बोलणार होता, मी त्याचा दंड धरला. बाईंना शनिवारीच सगळं सांगून झालं होतं, तरी त्या वाकून वाकून बघत होत्या, आणि गवंडी बिचारा त्या म्हणतील तिथे उकरत होता. वीतभर मातीखाली पुन्हा वीटच लागली. तो थांबला आणि त्याने बाईंकडे पाहिलं.

बाईंनी टॉर्च बंद करून त्याला परत दिला, 'थँक यू' म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. राग नव्हता चेहऱ्यावर. रस्ता चुकलेलं माणूस चौकात कोणाला तरी विचारतं, तितक्या साधेपणाने त्यांनी विचारलं, "आता मी त्यांना कुठे शोधू, मिस्टर साबळे?"

एकतीस वर्षांत पोरांचा एकही प्रश्न सरांनी रिकामा परत पाठवला नव्हता. त्यांनी सवयीने काठी उचलली, उघड्या कमानीकडे रोखली आणि पुन्हा खाली टेकवली.