अवधूतने पुसलेली नावं

अवधूतकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या अक्षरामुळे. आठवीच्या चाचणीत एका मुलाने प्रत्येक अक्षर सुटं, टाइपरायटरवर उमटावं तसं काढलं होतं. मी तो पेपर वर्गाला दाखवला, तर त्याचे कान लाल झाले. मागाहून कळलं की त्याची आई चारुलताबाई सांगलीत गावभागात मराठी टायपिंगचे वर्ग चालवतात, आणि हा त्या खडखडाटात बसूनच अभ्यास करतो.

मी निवृत्त झाले तोवर अवधूत डिप्लोमा करून आईच्या संस्थेत बसायला लागला होता. कचेऱ्यांत कॉम्प्युटर येत होते आणि चारुलताबाईंच्या विद्यार्थिनी धास्तावल्या होत्या. टाइपरायटरवर ज्यांची बोटं न बघता चालायची, त्यांना कॉम्प्युटरवर साधा ‘क’ शोधावा लागत होता. अवधूतला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत पत्रं लिहिण्याचा प्रोग्राम सापडला. तो फुकट होता, आणि आतून कसा केलाय ते बघायला, हवं तसं बदलायलाही कुणाला मनाई नव्हती. अवधूतने कित्येक महिने खपून त्यात मराठी अक्षरं बसवली, आणि तीही टाइपरायटरवर जिथे असतात त्याच बटणांवर. हे काम पूर्ण त्याचं होतं आणि फार चांगलं होतं.

प्रोग्राम सुरू झाला की पडद्यावर आधी तो मुळात करणाऱ्यांची नावं यायची. ती अवधूतने काढून टाकली. तिथे आईच्या संस्थेचं नाव आणि खाली ‘निर्माता’ म्हणून स्वतःचं नाव घातलं. आपल्याकडे चालतं दुकान घेतलं की जुनी पाटी उतरवून आपली लावतात, तितक्या सहज त्याने ते केलं. जे फुकट मिळतं ते बेवारशी, असंच त्याला वाटत होतं.

रहिमतपूर, विटा, पाटण इथल्या पतसंस्थांत आणि शाळांत तो प्रोग्राम पोचला. मग वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासो यांनी सत्कार ठरवला. शाल झाली, नारळ झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. चारुलताबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या बातमीमुळेच नव्व्याण्णव साली अवधूतला बंगलोरच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. असे खुले प्रोग्राम लिहिणारे लोक देशभरातून तिथे जमणार होते. तो हौसेने गेला. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि चहा पुढ्यात तसाच ठेवून सांगत बसला.

तिथे त्याने टेबलावर आपला प्रोग्राम मांडला होता. कॉलेजात शिकवणारे नंबियार नावाचे गृहस्थ आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. पहिल्या पडद्यावरून पुसलेलं एक नाव त्यांचंच होतं. अवधूतने त्यांच्या छातीवरची नावाची चिठ्ठी वाचली तेव्हा ते त्याच्या लक्षात आलं. नंबियार मात्र रागावले नाहीत. टायपिस्ट मुलींचा विचार आपल्या मनात कधी आला नव्हता, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. अवधूतचं मराठीचं काम मूळ प्रोग्राममध्ये घेऊ का, असं विचारलं आणि खिशातून पेन काढलं.

“बाई, त्यांनी मला विचारलं, तुमचं नाव कसं लिहायचं? स्पेलिंग चुकायला नको म्हणाले.” अवधूत मान खाली घालून बोलत होता. “ते ओरडले असते तर बरं झालं असतं.”

जिथे सत्कार झाला तिथेच उभं राहून खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. चारुलताबाईंना ते सहन होईना. त्या मला घेऊन त्याच्यासमोर बसल्या.

“गावाला सांगितलंस, तर माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींच्या घरचे काय म्हणतील? बाईंनी चोरीच्या वस्तूवर शिकवलं म्हणतील.”

“आई, त्यांनी ते दिलंच होतं गं. फक्त नाव राहू द्यायचं होतं.”

चारुलताबाई उठून आत गेल्या.

आप्पासोंना तर यातलं काहीच गंभीर वाटलं नाही. “गड्या, नारळ फोडून खोबरं खाल्लंस की तू. आता काय परत देतोस व्हय?” असं म्हणून ते हसले. पण अवधूत हटेना, तेव्हा वाचनालयाच्या वर्धापनदिनी रांगोळी स्पर्धेच्या बक्षिसांनंतर त्याला दोन मिनिटं मिळाली.

तो स्पष्ट बोलला. हा प्रोग्राम मी निर्माण केलेला नाही. दुसऱ्यांच्या कामात मी मराठी अक्षरं बसवली आणि त्यांची नावं पुसली, असं त्याने सांगितलं. नंबियारांचं नाव दोनदा घेतलं. सभागृहात जोरात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, एवढं करूनही पोरगं किती नम्र आहे बघा. आप्पासोंनी समारोपात त्याच्या विनयाचं कौतुक केलं, आणि वर्तमानपत्रात तेवढंच छापून आलं.

अवधूत मागच्या दाराने निघून गेला होता. मी संस्थेत गेले तेव्हा तो बंद मशीनसमोर बसला होता. चारुलताबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, हा प्रोग्राम कुठेकुठे दिलायस? तो आठवून एकेक ठिकाण सांगू लागला, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “तिथे जाऊनच बदलावं लागेल.”

तेव्हापासून सकाळची बॅच तो घेतो आणि दुपारची चारुलताबाई घेतात. दुपारी तो फ्लॉपी खिशात घालून एसटीने निघतो, जिथे प्रोग्राम दिला तिथे जातो आणि काढलेली नावं पुन्हा घालतो. लोक त्याला चहा देतात आणि मशीन तर नीट चाललंय की, म्हणतात. रहिमतपूरचं काम संपलं, विट्याचं होत आलंय. या आठवड्यात तो पाटणला जातोय.