एसी बंद करून केलेलं गाणं

दुबईच्या बर दुबई भागात आमच्या खोलीचे प्लायवूड ठोकून दोन भाग केलेत. अलीकडं मी डबे करते. पलीकडं तीन ड्रायव्हर राहतात, त्यातला एक केरळचा. नाव मी कधी विचारलं न्हाई. तो रॅप करतो. मला तर ते भांडणच वाटायचं.

परवा दुपारी दारात आला. हात जोडले, तरी बोटं ताल धरतच होती. मोडक्या हिंदीत म्हणला, "अम्मा, माझा पहिला अल्बम आहे. एकच गाणं राहिलंय, आज पाठवायचंय. एसी बंद करू? त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये घुसतो."

एसी सगळ्यांत एकच. म्हणलं, "कर बाबा. नवरा गेल्यापासून वीस वर्षं शेगडीपुढं काढली, उकाड्याचं मला काय?"

तो पलीकडं जाऊन कपाटात शिरला, आवाज घुमू नये म्हणून वरून ब्लँकेट ओढलं. वाजायला नकोत म्हणून मी कुकर उतरवला, बांगड्या वर सारल्या. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा असा सुटला, की माझीच छाती धडधडायला लागली!

घामानं निथळत बाहेर आला. "खलास, अम्मा! कसं झालं?"

"कळलं काय बी न्हाई. पण शेवटाला भ्यालास."

त्यानं ब्लँकेटनं तोंड पुसलं. मग म्हणला, "शेवट आईवर आहे. ती गेली तेव्हा मी इथं गाडी चालवत होतो."

"मग जा परत आत."

तो कपाटात शिरला, तेवढ्यात त्याचे सोबती ड्यूटीवरून आले. "अम्मा, मेलो, एसी लावा!"

मी दारात आडवी उभी राहिले. "यल्ला, चला, खाली जाऊन चहा प्या. आत माणूस गातोय."