फक्कीने आखलेले देश

सुमन काळे बाईंना मी प्रथम पाहिले ते जिंतूर तालुक्यातील आमच्या शाळेच्या मैदानावर. मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. बॅग अजून हातातच होती. पदर खोचून बाई पांढऱ्या फक्कीने चौकोन आखत होत्या. त्यांनी दोरीचे टोक माझ्याकडे दिले आणि ताठ धरायला सांगितले. हे काय चालले आहे, असे मी विचारले. "तुम्ही केनियात आहात. हलू नका," त्या म्हणाल्या. नाव त्यांनी नंतर विचारले.

बाई भूगोल शिकवत आणि शाळेचे स्काउट-गाइड पथक चालवत. आपल्यासारखी पथके इतर देशांतही आहेत, हे नुसते सांगून मुलांना पटत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून दर शनिवारी मैदानाचे चार कोपरे चार देश होत. शिट्टी वाजली की मुले धावत दुसऱ्या देशात जात आणि तिथल्या पथकातली मुले करतात तसे करत. जपानमध्ये कमरेत वाकायचे, नॉर्वेत तंबूची दोरी गाठ मारून ताणायची. चुकेल तो बाद.

खात्री नसलेली गोष्ट बाई खेळात घेत नसत. नॉर्वेची मुले शिबिरात काय खातात, असे एका मुलाने एकदा विचारले. बाई त्यासाठी परभणीच्या वाचनालयात जाऊन आल्या. पुढच्या शनिवारी सर्वांसमोर त्यांनी सांगितले, की सापडले नाही.

माझी पत्नी परभणीला दवाखान्यात होती, तेव्हा रोज दुपारच्या एसटीने कंडक्टरच्या हाती डबा येई. आभार मानायला गेलो, तर बाईंनी रिकामे डबे मोजून घेतले आणि वर्गाची चौकशी केली.

निवृत्तीनंतरही त्यांचा शनिवार चुकला नाही. तो बंद पडण्याची वेळ मात्र एकदा आली. जगभरची पथके हस्तांदोलनाला डावा हात पुढे करतात. योद्धा डाव्या हातातली ढाल खाली ठेवून तोच हात देतो, म्हणजे विश्वास टाकतो, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. प्रजासत्ताक दिनाच्या बक्षीस समारंभात पथकातल्या रेणुकाने आपल्या आजोबांपुढे तोच हात केला. आजोबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष रंगनाथराव. सारे गाव समोर बसलेले. मागून कुणीतरी म्हणाले, "आबा, नात इंग्रज झाली की तुमची." लोक हसले. रंगनाथरावांनी बक्षीस टेबलावर ठेवले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी खेळ बंद करायला आणि रेणुकाचे नाव पथकातून काढायला सांगितले. "लेकरायला परमुलखाचं लय कळायलंय," ते म्हणाले, "घरचं न्हाई." ढालीची गोष्ट बाई आता सांगतील, असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. हा हात कुठं द्यायचा नाही, ते मी शिकवलंच नाही. शनिवारी मैदानावर या, आबा. मग बंद करायचं तर करू."

शनिवारी मैदानाच्या मधोमध बाईंनी आणखी एक चौकोन आखला. तो आपले गाव. चार देशांत डावा हात द्यायचा आणि गावात शिरताच दोन्ही हात जोडायचे. गावात पंच म्हणून खुर्चीवर रंगनाथराव. मुले धापा टाकत येत आणि घाईत डावा हात पुढे करत. रंगनाथराव एकेकाला बाद करत होते. रेणुका केनियातून आली. तिचाही डावा हात पुढे आला.

"बाद," रंगनाथराव म्हणाले. ती रडवेली होऊन बाजूला उभी राहिली. त्यांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. "रडायचं न्हाई. फुडच्या शनिवारी नीट यायचं पळत."

बाईंनी पुढची शिट्टी वाजवली. खेळ बंद करण्याचा विषय समितीत पुन्हा निघाला नाही.

या महिन्यात बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. रंगनाथराव अजूनही पंच आहेत. हा लेख लिहितो आहे असे कळल्यावर त्यांनी मला थांबवून सांगितले, "मी हाय तवर बाईंनी शिट्टी खाली ठेवायची न्हाई, असं लिवा." तसे लिहिले आहे. त्यांनाही आणि बाईंनाही भरपूर वर्षे मिळोत, आणि बाईंच्या गुडघ्यांनी त्यांना मैदानभर फिरू द्यावे.