उद्घाटन व्हायचं आहे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे म्हणून सांगतो. दहावीनंतर मला दुकानात लावायचं वडिलांनी ठरवलं होतं. सर घरी आले, ओट्यावर बसले आणि वडील "बरं" म्हणेपर्यंत उठले नाहीत. त्यामुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो. चाकणला कंपनीत लागलो, रहाटणीत फ्लॅट घेतला आणि वडील गेल्यावर आईला इकडे आणलं.

आईला मधुमेह आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळ्या मी देतो, पण चालायचं तुम्ही. रोज." आई हसली. चालायला तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

पण चालायचं कुठे? बाहेर फुटपाथवर टपऱ्या आणि दुचाक्या. सोसायटीच्या मागे मात्र बाग तयार होती: चालायची वाट, व्यायामाची यंत्रं, घसरगुंडी, सगळं आमच्याच वर्गणीतून. फाटकाला कुलूप, कारण उद्घाटन व्हायचं होतं आणि ज्यांच्या हस्ते व्हायचं त्या साहेबांना वेळ नव्हता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. यंत्रांवरचं प्लास्टिक उन्हानं फाटलं. आई पार्किंगमध्ये चालू लागली.

सभेत मी उभा राहिलो. "बाग उघडा. साहेब येतील तेव्हा येतील."

आमचे अध्यक्ष इथल्याच जुन्या घरातले, सोसायटीची जमीन मूळची त्यांची. ते म्हणाले, "असं कसं राव? नारळ न फोडता उघडायचं व्हय?"

"मग आजच फोडू. तुमच्याच हस्ते."

"आन् साहेबांना काय तोंड दाखवू? शब्द दिलाय आमी."

मागून एक जण ओरडला, "फोडा हो भाऊ, फोटोत साहेबांना नंतर चिकटवू!" सगळे हसले. तेवढ्यात समोसे आले आणि विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा आईला धक्का लागला. ती हातावर पडली, मनगट मोडलं. गाडीवाल्याला मी दोष देत नाही. ती जागा गाड्यांचीच होती. अध्यक्ष भेटायला आले, मधुमेहाच्या बाईला पेढे घेऊन. आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी पाटी लागली: "ज्येष्ठ नागरिक व लहान मुलांनी पार्किंगमध्ये फिरू नये."

बागेचं कुलूप तसंच.

मी तडक त्यांच्या दारात गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या आईसाठीच केलंय, भाऊ." त्यांना ते खरंच वाटत होतं, याचा मला सर्वांत जास्त संताप आला. पाहुण्यांसाठी चांगल्या कपबश्या कपाटात ठेवून घरच्यांनी फुटक्या कपातून चहा प्यावा, तशी आम्ही तब्येतसुद्धा मोठ्या माणसांसाठी राखून ठेवतो. वर नियम करतो तो चालणाऱ्यांसाठी!

दीड महिन्यानं एका रविवारी मी गणिताच्या सरांना पत्र लिहिलं.

"आदरणीय सर, नमस्कार.

आईचं प्लास्टर निघालं. हात बरा आहे, साखर मात्र वाढली आहे. ती आता खाली उतरतच नाही. म्हणते, 'पाटी लावलीय ना, कशाला कोणाचं ऐकून घ्यायचं?' कुलूप काढावं म्हणून मी अर्ज लिहिलाय आणि घरोघरी सह्या मागतोय. लोक दारातच 'बघू' म्हणतात. मी सोडणार नाही. पण माझं भांडण संपेपर्यंत तिचा आजार थांबणार नाही, म्हणून तिला काही महिने गावी पाठवतोय. तुम्ही रोज सकाळी शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारता, असं कळलं. तिला सोबत घ्याल का? ती बरी राहावी म्हणून इथे आणली होती; आता बरी राहावी म्हणूनच परत पाठवतोय. हे लिहिताना फार राग येतो, सर. साडीवर बूट घालायला ती लाजते. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तेवढं तिला रागवा.

आपला विद्यार्थी"