चौथं नाव

"तिचं काय जी, थे काई म्हणत नाही. तिचं नाव काढा अन् तुमच्या आईचं टाका."

बाहेरच्या खोलीत बाबा भाऊजींना सांगत होते. मी स्वयंपाकघरात अनारशांचं ताट लावत होते. अधिक महिना होता. ताई आणि भाऊजी धोंड्याच्या जेवणाला अकोल्याहून अमरावतीला आले होते, आणि यंदा सोबत भाऊजींच्या आईही होत्या. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, वर एखादी वस्तू द्यायची, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. बाबांनी अंगठी आणली होती. भाऊजींनी डबी उघडून पाहिली आणि परत पाटाजवळ ठेवली.

"आंगठी हाये जी मले," ते म्हणाले होते. "माह्या मायनं समुद्र पाह्यला नाही. थ्या सहलीत तिले टाका, बस."

ती सहल मी आखली होती. अंदमानातलं एक राष्ट्रीय उद्यान, डिसेंबरात. एक दिवस जंगलातून चालत पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं आणि दुसऱ्या दिवशी खारफुटीतून कयाक, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, चालवायची. एका वाटाड्याबरोबर चारच माणसं, दोन कयाक, प्रत्येकीत दोघं. पुढच्या कयाकमध्ये भाऊजी आणि त्यांचा भाऊ, मागच्या कयाकमध्ये ताई आणि मी.

मुळात ती ताईची कल्पना होती. मागच्या उन्हाळ्यात माहेरी आली असताना गच्चीवर गादी टाकून पडल्या पडल्या तिने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. झाडांची मुळं पाण्यात उतरलेली, आणि त्यांच्यामधून दोन बायका आवाज न करता चाललेल्या. "आपण दोघी," ती म्हणाली. "तू पाह्य सगळं. तुले इंग्रजी येते." दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर एकीमागे एक बसून केरसुणीच्या दांड्यांनी वल्ही मारून पाहिली. ताई दर वेळी चुकीच्या बाजूला मारायची आणि मग हसत हसत माझ्या अंगावर रेलायची. तिच्या लग्नानंतर मी तिला तसं हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

म्हणून मी सगळं पाहिलं. परवान्याचे अर्ज भरले, तिथल्या लोकांना ईमेल लिहिले. आईची कुरकुर ऐकत पोहण्याच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं आणि तीन महिने नाकातोंडात पाणी घेत पोहायला शिकले. चिखलदऱ्याला जाऊन पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ घालून गाविलगड चढले. घरी आल्यावर आईने तेच तांदूळ निवडून डब्यात भरले. खारफुटीत कयाक भरतीलाच जाते, म्हणून त्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या आणि सहलीच्या फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या. अमरावतीत बसून मला समुद्राचं वेळापत्रक पाठ झालं होतं.

यातलं काही कोणाला सांगितलं नव्हतं. मला बोलता येत नाही असं नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी माझी पुस्तकी मराठी ऐकून चुलतभाऊ "बातम्या लागल्या वाटते" म्हणायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं होतं. पुढे लोक त्यालाच माझा स्वभाव म्हणू लागले, आणि त्या स्वभावाचं कौतुकही करू लागले.

मी ताट घेऊन बाहेर आले. भाऊजी पाटावर बसले होते, बाबा समोर. आई वाढत होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या सासूबाईंच्या शेजारी.

"या मॅडम," भाऊजी म्हणाले. ते मला मॅडमच म्हणतात. "तुमाले काम लागलं. एक नाव बदलायचं हाये. तुमचं दोन मिनटाचं काम."

"मले काहून नेता रे?" त्यांच्या आई म्हणाल्या. "मले पोहता येत नाही. थे होडी पलटली तं?"

"तुले कुठं पोहायचं हाये, माय? नुसतं बसायचं हाये."

"अन् जंगलात चालायचं म्हणते हे. माहे गुडघे?"

"पाहू नं थे. तू जेव."

त्या जेवू लागल्या. या खोलीत ज्यांना कोणी विचारलं नव्हतं अशा आम्ही दोघी होतो, आणि त्यांनी निदान प्रश्न तरी विचारून पाहिला होता.

मी ताईकडे पाहिलं. तिला माहीत होतं की मागच्या कयाकमध्ये कोण बसणार होतं. तिने बोटाने जमिनीवर सांडलेला भाताचा दाणा उचलला.

"पुढच्या वर्षी आपण दोघीच जाऊ नं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

भाऊजींना घाई होती. टीव्हीशेजारची माझी फाइल त्यांनी आधीच मागून घेतली होती. डाव्या हाताने मोबाईलवर त्यांनी बुकिंगचा नंबर टाकला, माझ्या नावापुढे 'बदला' असं दाबलं आणि स्वतःच्या आईचं नाव लिहिलं. फाइल त्यांच्या ताटाशेजारी उलटी पडली होती. भरतीच्या वेळांवर कढीचा एक थेंब पडला होता, तो पसरत चालला होता.

माझ्या कुर्त्याच्या खिशात फोन थरथरला.

"ओटीपी तुमच्याकडे आला असंन," भाऊजी म्हणाले. "सांगा बरं."

मी फोन काढला. सहा आकडे होते.

आता लिहिताना मला माहीत आहे की ते बेट आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. भाऊजी अनारसे तसेच ठेवून उठले आणि आठवडाभरात त्यांनी सहलच रद्द करायला लावली. ताई त्या दिवाळीला आली नाही. आईला फोन करते, पण मी जवळ आहे असं कळलं की तिला काम आठवतं. भाऊजींच्या आईने अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. बाकीच्यांच्या बाबतीत मी अजून ठरवलेलं नाही.

पण तेव्हा खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते, चांगल्या मनाने, काही अडचण येईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. भाऊजींचा अंगठा मोबाईलवर तयार होता.

"सांग नं बाई," बाबा म्हणाले. "पाहुणे थांबून राह्यले."

ताईने आता कुठे वर पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. जाऊ दे, अशी.

"आला आहे," मी म्हटलं. "पण मी सांगणार नाही. मला जायचं आहे."