खिशातला साबण

मी लिहावं एवढा मोठा नाही, माफ करा. पण आज वसतिगृहात कुणाच्या तरी साबणाचा तोच वास आला.

बारावीच्या सत्कारासाठी एका संस्थेने मला आणि बाबांना सुरगाण्याहून नाशिकला बोलावलं होतं. तळ्याकाठच्या देखण्या हॉटेलात एक रात्र ठेवलं. "चादर मळंल रे," म्हणत बाबा फरशीवरच झोपले. सकाळी नुसत्या पाण्याने अंघोळ करून त्यांनी तिथला छोटा साबण खिशात टाकला. "तू पदवी घेतली का याच्यानं अंघोळ करीन." मला तेव्हा त्यांची लाज वाटली.

गेल्या महिन्यात माझी पदवीची शेवटची परीक्षा चालू होती. गावात रेंज नव्हती. बहिणीचा फोन दोन दिवसांनी लागला.

"दादा, बाबा गेले परवा. त्याच साबणानं अंघोळ घातली त्यांना."